कुटार, सागवान आणि जुना मेटॅडोर

यवतमाळ जिल्ह्यात कोणत्या मालासाठी कोणती सोय उभी राहिली हे पाहिले, तर इथल्या शेतीचा प्राधान्यक्रम लख्ख दिसतो. कापसासाठी रेल्वे आली. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची ‘शकुंतला’ विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने उभी केली, कारण वऱ्हाडची रुई मुंबई बंदरात आणि तिथून मँचेस्टरला पोचायला हवी होती. वणीच्या कोळशासाठी मालगाड्या आल्या. सागवानासाठी १९२७ चा वन कायदा, १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा, डेपो, लिलाव, ओंडक्यावर हातोड्याची खूण आणि प्रत्येक खेपेला वाहतूक परवाना. चाऱ्यासाठी मात्र कोणी काही उभारले नाही. तो पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या मालवाहू गाडीवर लादला जातो आणि गावोगाव पोचतो. म्हणूनच माझे म्हणणे असे की ही जुनी गाडी म्हणजे जिल्ह्याची चारा-व्यवस्थाच आहे. तिचा निकाल वयावर लावू नये, प्रकृतीवर लावावा.

चाऱ्याला प्रवास का करावा लागतो, हे आधी पाहू. ज्वारी होती तोवर कडबा घरच्या वावरात पिकत होता आणि बंडीने गोठ्यापर्यंत येत होता. साठच्या दशकात संकरित ज्वारी आली. तिच्या प्रसारामागे ठामपणे उभे राहिलेले मुख्यमंत्री वसंतराव नाईक याच जिल्ह्यातल्या, पुसदजवळच्या गहुलीचे. दुष्काळाच्या त्या काळात धान्य वाढवणे अटळ होते, आणि ते वाढलेही. पण नव्या वाणांचा धांडा बुटका होता. पुढे सोयाबीन आले आणि ज्वारीचे पीकच आक्रसत गेले. कापसाच्या पऱ्हाटीचे सरपण होते, तिने बैलाचे पोट भरत नाही. आज ढोरांसमोर पडते ते मुख्यतः कुटार, म्हणजे मळणीनंतर उरणारा भुसा : दिवाळीच्या आसपास सोयाबीनचे, मग तुरीचे, उन्हाळ्याच्या तोंडावर हरभऱ्याचे. हे कुटार एका ठिकाणी निघते आणि गरज दुसऱ्याच ठिकाणी असते. ज्याच्याकडे मोठे सोयाबीन त्याच्याकडे अनेकदा ट्रॅक्टर असतो, ढोरे नसतात. ज्याच्याकडे बैलजोडी आणि दोन गाई, त्याची जमीन थोडी.

जंगलातली चराई हा दुसरा आधार होता, पण तोही सर्वत्र उरलेला नाही. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात ‘अवनी’ वाघिणीच्या काळात ढोरांमागे रानात जाणे म्हणजे जिवाशी गाठ होती. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली. वाघ आणि माणूस दोघेही टिकायचे असतील तर गोठ्यात चारा हवा, हे तिथे निराळे सांगावे लागत नाही. आणि चारा न पोचता जनावर पोचले तर काय होते, ते जिल्ह्याने २००६ नंतर पाहिले आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झालेल्या ३,७५० कोटींच्या पंतप्रधान पॅकेजमध्ये अनुदानावर दुभती जनावरे देण्याची योजना होती. गाई आल्या, त्यांच्या वैरणीची तजवीज आली नाही. खर्च झेपेना म्हणून अनेकांनी त्या विकून टाकल्या. योजना आखणाऱ्यांनी गाईची किंमत धरली होती, वैरणीची आणि तिच्या वाहतुकीची धरली नव्हती.

आता प्रत्यक्ष भाराकडे येऊ, कारण या गाडीचे मोल तिथेच कळते. सुटे कुटार घनमीटरला साधारण ६० किलो भरते. वाळलेले सागवान ६५० किलोच्या आसपास. दहा फूट लांब, पावणेसहा फूट रुंद हौदा सात फूट उंचीपर्यंत कुटाराने भरला तरी आत पाऊण टनापेक्षा कमीच वजन असते. म्हणजे दोन-सव्वादोन टन पेलणारी गाडी तिच्या कुवतीच्या तिसऱ्या हिश्श्यावर धावते आणि भाडे मात्र पूर्ण खेपेचे पडते. सागाचे ओंडके किंवा फळ्या घातल्या तर उलट होते : हौदा अर्धाही भरत नाही तोच पाटे दबतात. एकच गाडी, पण एका मालाला जागा पुरत नाही आणि दुसऱ्याला वजनाची मर्यादा आड येते. पाऊण टन कुटार म्हणजे एका बैलजोडीचा निम्मा आहार धरला तर सुमारे दोन महिन्यांची बेगमी. इतक्या कमी किमतीच्या मालावर नव्या गाडीच्या कर्जाचा हप्ता लादता येत नाही. जिचे भांडवल कधीच फिटले आहे अशी गाडीच हे भाडे परवडवू शकते. जुनी गाडी टिकण्याचे कारण हा हिशेब आहे. त्यात हौस किंवा हट्ट शोधू नये.

ती टिकू शकते यामागे तिची घडणही आहे. विदर्भात लहान मालवाहू गाडी दिसली की तिला मेटॅडोरच म्हणतात, मग ती कोणत्याही कंपनीची असो. मूळ मेटॅडोर पुण्याच्या बजाज टेम्पोची. १९८६ मध्ये टेल्कोने ४०७ ही मालवाहू गाडी आणली, तेव्हा टोयोटा, निस्सान, मित्सुबिशी आणि माझदा यांच्याशी भागीदारी केलेल्या चार भारतीय कंपन्या त्याच बाजारात उतरल्या होत्या. त्या स्पर्धेत ४०७ तगून राहिली. तिचे पाटे, गिअर, ब्रेक तालुक्याच्या गॅरेजमध्ये उघडता येतात. हौदा लाकडी असेल तर तुटलेली फळी सुतार बदलतो. कुटाराच्या हंगामात फाळक्याच्या वर बल्ल्या आणि जाळी बांधून उंची वाढवायची, हंगाम सरला की सोडून ठेवायची. इथे साग हा गाडीचा माल आहे आणि हौदा सागाचा असेल तिथे गाडीचे अंगही.

या भूमिकेवर पहिला आक्षेप धुराचा आहे आणि तो खरा आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ इंजिनाच्या तुलनेत जुने डिझेल इंजिन किलोमीटरमागे कितीतरी अधिक काजळी ओकते. पण वर्षाचे प्रदूषण म्हणजे किलोमीटरमागचा धूर गुणिले धावलेले किलोमीटर. नागपूर-हैदराबाद महामार्गावर अहोरात्र पळणारा ट्रक आणि हंगामाचे काही महिने तालुक्यात फिरणारा मेटॅडोर यांना वयाच्या एकाच फूटपट्टीने मोजणे न्यायाचे नाही. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. तो मला अधिक गंभीर वाटतो आणि त्यावर सवलत मागण्याची माझी तयारी नाही. दोन्ही बाजूंना फुगलेला कुटाराचा डोलारा समोरच्या दुचाकीस्वाराचा रस्ता खातो, वळणावर गाडी कलंडवतो, लोंबत्या विजेच्या तारेला टेकला तर पेट घेतो. हद्दीबाहेर आलेल्या भाराला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने वीस हजारांचा दंड ठेवला आहे. तो असायलाच हवा. मात्र हा धोका गाडीच्या जुनेपणातून येत नाही, लादण्याच्या पद्धतीतून येतो. नव्या गाडीवर तोच डोलारा चढवला तर तीही तशीच कलंडेल. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, मागचे दिवे यांची गोष्ट वेगळी : तिथे जुनेपणा जीव घेतो, आणि नापास झालेली गाडी रस्त्यावर येता कामा नये. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता तपासणी सक्तीची आहेच. ती कागदावर न उरकता खरोखर व्हावी, एवढेच.

ट्रॅक्टर-ट्रॉली हे काम करते, मग मेटॅडोर कशाला, असेही विचारले जाते. गावच्या शिवारात ट्रॉली पुरते. पण घाटंजीचे कुटार दारव्ह्याला न्यायचे झाले की तिचा संथपणा आणि डिझेल दोन्ही महाग पडतात. गठ्ठे बांधणाऱ्या बेलर यंत्राचा पर्याय मात्र मला मनापासून पटतो. दाबलेल्या गठ्ठ्यांत त्याच हौद्यात दुपटीहून अधिक चारा मावतो, भार चौकटीत राहतो, खेपा घटतात. यंत्र एकट्या शेतकऱ्याला परवडणारे नाही, त्याला पुरेल इतके काम एका वावरात निघतही नाही. गटाने किंवा शेतकरी कंपनीने घेतले तर जमते. गठ्ठा झाला तरी तो न्यायला स्वस्त गाडी लागेलच, म्हणून यंत्र आणि गाडी यांत एकच निवडण्याचा प्रश्न येत नाही.

वाहन मोडीत काढण्याचे धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचे तपासणी शुल्क त्यानंतर वाढले. ज्या गाडीची वर्षाची कमाईच तुटपुंजी, तिला हे शुल्क रस्त्याबाहेर तरी ढकलते किंवा कागदपत्रांशिवाय आडरस्त्याने धावायला लावते. दुसरी शक्यता जास्त घातक आहे, कारण मग ब्रेक कोणीच तपासत नाही. चारा वाहणाऱ्या गाड्यांसाठी शुल्क कमी आणि तपासणी कडक, असा उलटा नियम जिल्ह्याने मागावा. परिवहन कार्यालयाने सोयाबीनच्या मळणीआधी पुसद, वणी, पांढरकवडा, उमरखेड इथे तपासणीची शिबिरे घ्यावीत. पशुसंवर्धन खात्याने जनावरांच्या प्रत्येक योजनेच्या अंदाजपत्रकात चारा-वाहतुकीचा रकाना घालावा. आणि कुटार विकत घेणाऱ्या शेतकऱ्यांनी गाडी ठरवताना भाड्याबरोबर योग्यता प्रमाणपत्राची तारीखही विचारावी.