चार सह्यांचे पत्र

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील नोकरीनिमित्त आखाती देशात जावयास निघाले. निघण्यापूर्वी नोकरीचा करारनामा घेऊन ते आमच्याकडे आले. कागद इंग्रजी व अरबी भाषांत होता, आणि त्यावर त्यांनी सही आधीच करून दिलेली होती. “गुरुजी, यात काय लिहिले आहे तेवढे सांगा,” एवढेच त्यांचे म्हणणे. आम्ही कला शाखेचे पदवीधर. आम्ही घरी कोकणी बोलतो, शाळेत मराठी शिकवितो, भैंशाच्या बाजारात तेलुगूवर निभावून नेतो; जुन्या जमिनीचे उर्दू कागद आले की हात जोडतो. पगाराचा आकडा तेवढा आम्ही सांगितला. पुढील कलमांचा अर्थ सांगण्याचे धाडस झाले नाही. त्या संध्याकाळी आम्हांस वसुधा धागमवार यांची आठवण झाली.

धागमवारबाई या कायद्याच्या अभ्यासक व प्राध्यापिका. त्या पुण्याच्या. सन २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. कायद्याचा प्राध्यापक म्हटले की जाडजूड ग्रंथ आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिका डोळ्यांपुढे येतात. परंतु या बाईंचे नाव प्रथम सर्वत्र झाले ते एका पत्रामुळे.

त्या पत्राची हकीकत अशी. वैनगंगेच्या खोऱ्यात देसाईगंज नावाचे गाव आहे. आज ते गडचिरोली जिल्ह्यात असले तरी त्या काळी चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. दि. २६ मार्च १९७२ रोजी एक अल्पवयीन, पोरकी आदिवासी मुलगी एका तक्रारीच्या चौकशीसाठी नातेवाइकांबरोबर तेथील पोलीस ठाण्यात गेली. रात्री बाकीच्यांना बाहेर काढून तिला मागे ठेवून घेण्यात आले, आणि ठाण्यातील दोघा पोलिसांनी आपल्यावर अत्याचार केला, असे तिने सांगितले. सन १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांस सोडून दिले. सन १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांस दोषी ठरविले. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, तेव्हा तिची संमती असावी, असा त्या निकालाचा आशय होता.

सर्वोच्च न्यायालयाच्या वर दाद मागण्यास दुसरे न्यायालय नाही. सामान्य माणूस येथे थांबतो. परंतु दिल्लीचे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार व रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चौघा प्राध्यापकांनी तो निकाल वाचला, आणि सप्टेंबर १९७९ मध्ये देशाच्या सरन्यायाधीशांना उद्देशून उघड पत्र लिहिले. घोषणा नाहीत, शिवीगाळ नाही. निकालातील एकेक विधान घेऊन त्यास कायद्याच्याच भाषेत विचारलेला प्रश्न. भीतीने गप्प राहणे व मनापासून होकार देणे या दोन गोष्टी एकच कशा? रात्रीच्या वेळी, बंद दाराआड, पोलिसांपुढे उभी असलेली खेड्यातील मुलगी ओरडली नाही म्हणजे ती राजी होती काय? (मास्तरांच्या धाकाने गप्प बसलेला वर्ग म्हणजे धडा समजलेला वर्ग नव्हे, हे आम्ही तरी अनुभवाने जाणतो!)

न्यायालयाने निकाल बदलला नाही. त्या मुलीस न्याय मिळाला नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. मात्र पत्र वर्तमानपत्रांत गेले, ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या, विधी आयोगाने अहवाल दिला आणि सन १९८३ मध्ये संसदेने कायदा सुधारला. पोलीस कोठडीतील अशा गुन्ह्यात संबंध घडल्याचे सिद्ध झाले व पीडितेने आपली संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने ती नव्हती असेच गृहीत धरावे आणि उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असावा, असे ठरले. पीडितेची ओळख छापून प्रसिद्ध करणे हाही त्याच दुरुस्तीने गुन्हा झाला. आम्ही तिचे नाव येथे लिहिलेले नाही, ते याच कारणाने.

पुढे बाईंनी दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था सन १९८५ मध्ये स्थापन केली. कायदा ज्याच्यासाठी आहे त्याला तो त्याच्या भाषेत कळावा, हा तिचा उद्देश. नर्मदेवरील सरदार सरोवरामुळे मध्य प्रदेशातील ज्या गावांवर पाणी येणार होते, त्या गावांत संस्थेची माणसे गेली आणि लोकांना आधी एकच गोष्ट विचारली: तुम्हांला काय ठाऊक आहे? आपली जमीन जाणार, कोठे जावे लागणार, मोबदला काय, हे लोकांना कोणी समजावून सांगितले होते का? त्या उत्तरांचे अहवालच त्यांनी छापले.

वैद्यकीचा विद्यार्थी रुग्णाच्या खाटेपाशी शिकतो, तसा कायद्याचा विद्यार्थी खऱ्या पक्षकारापाशी शिकावा, या विचारातून ‘विधी चिकित्सालय’ ही कल्पना निघाली. अमेरिकेतील विद्यापीठांत परदेशातून आलेल्या निर्वासितांचे अर्ज विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तयार करतात. आपल्याकडे सन १९७६ मध्ये घटनेत ३९-अ हे कलम आले, व त्याने गरिबांस मोफत कायदेशीर साहाय्य देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. त्यासाठीचा अधिनियम सन १९८७ चा. तो अमलात येण्यास मात्र १९९५ साल उजाडले. त्यातील बाराव्या कलमाप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांस उत्पन्न न पाहता वकील मिळतो. ही गोष्ट आमच्या पालकसभेत विचारली तेव्हा एकही हात वर झाला नाही. आमचाही, दोन वर्षांपूर्वी, झाला नसता.

त्या करारनाम्याची एक प्रत मुलाने मागे ठेवून घेतली आहे. शाळा सुटल्यावर शब्दकोश घेऊन आम्ही दोघे बसतो. सात कलमे उलगडली. आठव्यात, नोकरी मध्येच सोडल्यास परतीच्या भाड्याचे काय, तेथे अडलो आहोत. येत्या सोमवारी तो कागद घेऊन आम्ही विधी सेवा समितीच्या वकिलांकडे जाणार आहोत. प्रश्न मुलानेच लिहून काढले आहेत, मराठीत.