वानखेडेवर हरलो, चेन्नईत कमावलं

फेब्रुवारीच्या ७ तारखेला, शनिवारी सकाळी, अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत एक गमतीशीर पेच पडला होता. 'आपण' म्हणजे नक्की कोण? मुंबईत संध्याकाळचे सात, न्यू जर्सीत सकाळचे साडेआठ, कॅलिफोर्नियात तर पहाटेचे साडेपाच. टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची मॅच, मैदान वानखेडे, एका बाजूला भारत आणि दुसऱ्या बाजूला आपण कर भरतो तो देश. अंगात निळी जर्सी कोणाची घालायची यावरून आमच्या ओळखीच्या एका घरात बाप-लेकाची चांगलीच जुंपली. निळा रंग दोन्हीकडे असल्याने शेवटी तह झाला.

मॅच तासभर तरी चुरशीची झाली. पॉवरप्लेमध्येच अमेरिकेच्या शॅडली व्हॅन शाल्कविकने एका ओव्हरमध्ये तिघांना परत पाठवलं. भारत ६ बाद ७७. मग सूर्यकुमार यादवने नाबाद ८४ केल्या, भारत १६१ पर्यंत पोचला आणि अमेरिका १३२ वर थांबली. २९ धावांनी हार. दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून मामांचा फोन : ''काय रे, तुमचे लोक हरले ना?'' तुमचे लोक! वीस वर्षं इथे काढल्यावर मिळालेलं हे खरं नागरिकत्व म्हणायचं.

मामांच्या या टोमण्याचं उत्तर द्यायचं तर एका मॅचवर थांबून चालणार नाही. अमेरिकेची टीम भारत आणि श्रीलंकेत चार सामने खेळली. भारताकडून हरली, कोलंबोत पाकिस्तानकडून ३२ धावांनी हरली. नंतर चेन्नईत नेदरलँड्सला ९३ धावांनी आणि नामिबियाला ३१ धावांनी हरवलं. भारत आणि पाकिस्तान पुढे गेले, आपण घरी आलो. २०२४ मध्ये घरच्या मैदानांवर हीच टीम सुपर एटमध्ये पोचली होती. म्हणजे कागदावर पाहिलं तर टीम एक पायरी खाली आली.

माझं मत उलटं आहे. ही टीम २०२४ पेक्षा पुढे गेली आहे, आणि ती प्रगती दिसते ती वानखेडेवर नाही, चेन्नईच्या त्या दोन सामन्यांत. नामिबियाविरुद्धची मॅच तर आपल्यापैकी कोणी पाहिलीच नसेल. पूर्व किनाऱ्यावर तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते, आणि त्याच दिवशी नंतर भारत-पाकिस्तान होती. झोप कशासाठी मोडायची हे ठरलेलंच होतं.

आधी २०२४ ची आठवण. ६ जूनला डॅलसजवळच्या ग्रँड प्रेरीत पाकिस्तानशी १५९ वर बरोबरी, मग सुपर ओव्हर, आणि ती टाकली आपल्या सौरभ नेत्रावळकरने. त्या दिवशी इथल्या ऑफिसांमध्ये गोऱ्या सहकाऱ्यांनीही 'ओरॅकलचा तो इंजिनिअर' म्हणून विचारणा केली. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला त्यानेच विराट आणि रोहित दोघांना काढलं. पण पुढचं कमी लोकांच्या लक्षात आहे. आयर्लंडविरुद्धची मॅच पावसाने धुतली म्हणून सुपर एटचं दार उघडलं, आणि तिथे तिन्ही सामने हरलो. इंग्लंडने तर दहा गडी राखून हरवलं. ती एक झकास दुपार होती, पण एका दुपारीवर टीम मोजता येत नाही.

याच देशातलं रग्बीचं उदाहरण बोलकं आहे. जून २०१८ मध्ये ह्यूस्टनला अमेरिकेच्या रग्बी टीमने स्कॉटलंडला ३०-२९ असं हरवलं. केवढा जल्लोष झाला! आता आपण मोठ्यांच्या पंगतीत बसलो, असं सगळ्यांना वाटलं. चार वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, दुबईत पोर्तुगालविरुद्ध शेवटच्या क्षणी पेनल्टी गेली, सामना १६-१६ असा सुटला आणि २०२३ चा वर्ल्ड कपच हुकला. मध्ये उरुग्वे आणि चिलीकडूनही हरून झालं होतं. २०२७ साठी ती टीम पुन्हा पात्र ठरली, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. मोठ्याला एकदा पाडता येतं. आपल्या बरोबरीच्यांना परक्या मैदानावर, रिकाम्या स्टँडसमोर, पुन्हा पुन्हा हरवता येतं का, हा प्रश्न वेगळा.

क्रिकेटमध्ये अमेरिकेचं याबाबतीतलं प्रगतिपुस्तक काही काळ वाईटच होतं. एप्रिल २०१९ मध्ये नामिबियात, नेत्रावळकरच्याच कप्तानीखाली, वन-डेचा दर्जा मिळवला. पण फेब्रुवारी २०२० मध्ये नेपाळात कीर्तिपूरला हीच टीम ३५ धावांत गारद झाली! बारा ओव्हर्समध्ये खेळ खलास. वन-डेतला तो सर्वांत कमी धावांच्या विक्रमाशी बरोबरी करणारा आकडा. जुलै २०२२ मध्ये बुलावायोत पात्रता फेरीच्या उपांत्य सामन्यात नेदरलँड्सने हरवलं आणि ऑस्ट्रेलियातल्या वर्ल्ड कपचं तिकीट गेलं. २०२३ मध्ये झिम्बाब्वेने ४०८ धावा ठोकून ३०४ धावांनी धुतलं.

मग काहीतरी बदलत गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओमानमधल्या अल अमिरातला अमेरिका १२२ वर ऑल आउट झाली. आधीची टीम असती तर सामान आवरायला लागली असती. या टीमने ओमानला ६५ मध्ये गुंडाळलं. पूर्ण षटकांच्या वन-डेत एवढ्या कमी धावा राखून कोणी जिंकलेलं नव्हतं. भारताने १९८५ मध्ये शारजात पाकिस्तानविरुद्ध १२५ राखल्या होत्या, तो विक्रम मोडला. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून त्या सामन्यात एकही ओव्हर वेगवान गोलंदाजाने टाकली नाही, सगळी फिरकीच. नॉस्टुश केंजिगेचे ११ धावांत ५ बळी. भारतीय वर्तमानपत्रांत याची बातमी कोपऱ्यात आली असेल. माझ्या मते मात्र डॅलसपेक्षा ती मोठी होती.

म्हणून चेन्नईत नेदरलँड्सला ९३ धावांनी हरवणं ही साधी गोष्ट नाही. बुलावायोची ती परतफेडच. आणि या विजयात महत्त्वाचं म्हणजे धावा कोणी केल्या ते. नेदरलँड्सविरुद्ध ७९ केल्या साईतेजा मुक्कामल्लाने, वय वर्षं एकवीस, जन्म न्यू जर्सीतला. नामिबियाविरुद्ध नाबाद ६८ संजय कृष्णमूर्तीच्या. त्याचाही जन्म अमेरिकेतला, क्रिकेटचे काही धडे बेंगळुरूतले. डॅलसच्या त्या दिवशी गाजलेले बहुतेक सगळे खेळ दुसरीकडे शिकून आले होते, कोणी मुंबईत, कोणी आणंदला, कोणी बार्बाडोसमध्ये, कोणी दक्षिण आफ्रिकेत. यावेळी पहिल्यांदा वाटलं की इथल्या पार्कांतून, इथल्या आई-बापांच्या गाड्यांमधून आलेली पोरं वर्ल्ड कपची मॅच काढून देतायत.

आपल्या माणसांचा हिशोबही मांडायलाच हवा. नेत्रावळकरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. २०१० चा अंडर-१९ वर्ल्ड कप, २०१३ मध्ये मुंबईसाठी रणजी, मग २०१५ मध्ये क्रिकेट बाजूला ठेवून कॉर्नेलला एमएस. पण वानखेडेवर, जिथे खेळायचं स्वप्न पाहत तो वाढला, तिथे त्याच्या चार ओव्हर्समध्ये ६५ धावा गेल्या. सूर्यकुमारही मुंबईचाच, दया नाही दाखवली. हरमीत सिंग, तोही मुंबईचा, २०१२ च्या अंडर-१९ विजेत्या संघातला. त्याने नेदरलँड्सविरुद्ध चार बळी घेतले. आणि नवा गडी शुभम रांजणे. जुन्या पुणेकरांना आडनाव वाचूनच कान टवकारावेसे वाटतील. वसंत रांजणे यांचा हा नातू. आजोबांनी महाराष्ट्राकडून रणजी पदार्पणातच सौराष्ट्राविरुद्ध हॅटट्रिकसह ३५ धावांत ९ बळी घेतले होते आणि पुढे भारतासाठी ७ कसोटी खेळले. नातू मुंबईकडून खेळला, मग अमेरिकेत आला, आणि कोलंबोत पाकिस्तानविरुद्ध त्याने अर्धशतक केलं. खडकवासल्याहून कोलंबोला व्हाया अमेरिका!

आता काळजीची बाजू. फलंदाजी तरुण होतेय, पण गोलंदाजी पिकत चाललीय. व्हॅन शाल्कविकने भारताविरुद्ध चार आणि पाकिस्तानविरुद्ध चार बळी घेतले, पण तो ३७ वर्षांचा आहे. अली खान ३५, नेत्रावळकर ३४, हरमीत ३३. यातला एकही जण अमेरिकेत गोलंदाजी शिकलेला नाही. यामागचं कारण इथे मुलांना ॲकॅडमीत सोडणाऱ्या कुठल्याही बाबाला ठाऊक असेल. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात चार-पाच महिने सगळं क्रिकेट गोडाऊनमध्ये चालतं. जाळीची लेन, बॉलिंग मशीन, तासाचे पैसे. त्या लेनमध्ये कव्हर ड्राइव्ह घोटवता येतो. पंचवीस पावलांचा रनअप कुठे मावणार? उन्हाळ्यात बाहेर पडावं तर काउंटी पार्कातल्या बहुतेक खेळपट्ट्या मॅटच्या, आणि शनिवार-रविवारच्या लीगमध्ये नव्या चेंडूवर काकामंडळींचा हक्क. बारा वर्षांच्या पोराला दोन ओव्हर्स मिळाल्या तर नशीब. जानेवारीत झिम्बाब्वेत अमेरिकेची अंडर-१९ टीम भारताविरुद्ध १०७ मध्ये बाद झाली, त्यावरून हेही दिसतं की एका मुक्कामल्लामागे रांग लागलेली नाही. मुलींचं चित्र मात्र जरा बरं आहे. जानेवारी २०२५ मध्ये मलेशियातल्या अंडर-१९ वर्ल्ड कपमध्ये इथल्या मुली सुपर सिक्सपर्यंत गेल्या, आणि ती टीम जवळजवळ सगळी इथेच वाढलेली.

बोर्डाबद्दल थोडक्यात, कारण लांबवलं तर रक्तदाब वाढतो. जुलै २०२४ मध्ये, म्हणजे पाकिस्तानला हरवल्याच्या पुढच्याच महिन्यात, आयसीसीने यूएसए क्रिकेटला कारभार सुधारण्याची नोटीस दिली. सुधारला नाही. २३ सप्टेंबर २०२५ ला सदस्यत्व निलंबित झालं, आणि आठवड्याभरात संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज टाकला. टीमला खेळायची मुभा राहिली, व्यवस्था आयसीसीने हातात घेतली. घर गहाण पडलेलं असताना पोरं परगावी जाऊन दोन सामने जिंकून आली, असा हा प्रकार. महाराष्ट्र मंडळांची भांडणं पाहिलेल्या वाचकांना याचं फार नवल वाटणार नाही.

पण खरी परीक्षा २०२८ ला. लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आहे, १९०० नंतर पहिल्यांदाच. पोमोनाला सामने होतील आणि जागा फक्त सहा. इथे एक मुद्दा आपल्या लोकांच्या फारसा लक्षात आलेला नाही. आयसीसीच्या नियमानुसार तीन वर्षं इथे राहिलं की अमेरिकेकडून खेळता येतं, नागरिक असायची गरज नाही. ऑलिंपिकला तसं नाही. तिथे त्या देशाचं नागरिकत्व लागतंच. ग्रीन कार्डच्या रांगेत किती वर्षं जातात हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको, आणि ग्रीन कार्डनंतर नागरिकत्वाला आणखी पाच. म्हणजे ज्या मार्गाने आजवर ही टीम भरली, मुंबईहून, लाहोरहून, जोहान्सबर्गहून येऊन तीन वर्षं काढायची, तो मार्ग ऑलिंपिकसाठी बराच अरुंद होतो. इथे जन्मलेल्यांना मात्र पासपोर्ट पाळण्यातच मिळालेला असतो.

आणि नेमकी हीच मुलं सोळा-सतराव्या वर्षी बॅट ठेवून देतात. कॉलेजच्या खेळांच्या यादीत क्रिकेट नाही, त्यामुळे स्कॉलरशिप नाही. टेनिस, पोहणं, अगदी तलवारबाजीसुद्धा प्रवेश-अर्जात उपयोगी पडेल असं आपण धरून चालतो. क्रिकेटने काय होणार? अकरावीत एसएटी आली की शनिवारची मॅच पहिली कटते. यात आई-बापांना दोष देऊन उपयोग नाही. नेत्रावळकरनेही तेच केलं होतं, खेळ सोडून शिक्षण निवडलं होतं. त्याला इथे येऊन तो परत सापडला, कारण मुंबईने आधीच त्याच्या खांद्यातून हजारो चेंडू टाकून घेतले होते. एडिसनच्या पोराच्या गाठीशी ती शिदोरी नसते.

एप्रिलमध्ये मैदानं उघडतील, ॲकॅडम्यांच्या नोंदणीच्या ईमेल्स यायला लागल्याही असतील. फी भरण्याआधी विचारा : आमचा मुलगा, आमची मुलगी आठवड्याला किती चेंडू टाकेल, मॅटवर की गवतावर, आणि मॅचमध्ये नवा चेंडू कधी हातात मिळेल? आमच्याकडे एका कोचने याला उत्तर म्हणून बॉलिंग मशीनचं नवं मॉडेल दाखवलं.