कॅमेरा घेऊन नात्याच्या वाटेने

तियानशान आणि पामीर ही पर्वतांची नावे आपल्या घरांत कालपरवापर्यंत शालेय भूगोलाच्या पुस्तकापुरतीच होती. आता ती विवाहसमारंभातील गप्पांतही ऐकू येतात. भारतीय पारपत्रधारकांना 2022 पासून कझाकस्तानात चौदा दिवसांपर्यंत व्हिसाविना राहता येऊ लागले आणि अल्माटी हे शहर आपल्या व्यापारी कुटुंबांच्या सुट्टीच्या यादीत आले. तेथून पुढे किर्गिझस्तानच्या डोंगरांत जाऊन आलेली मंडळीही आपल्या परिचयात असतात. ती परतताना छायाचित्रे आणतात आणि ती पाहून इतरांनाही कॅमेरा उचलावासा वाटतो.

या प्रदेशात छायाचित्रकारांसाठी खास सहली निघतात. आठ-दहा जणांचा गट, एक जाणकार छायाचित्रकार, एक स्थानिक चालक आणि घोडेवाला एवढाच त्यांचा पसारा असतो. नेहमीच्या सहलीत दिवसाला सात स्थळे ‘उरकली’ जातात. येथे एकाच सरोवराकाठी दोन दोन दिवस मुक्काम पडतो. समुद्रसपाटीपासून 3,016 मीटर उंचीवरील सोन-कुल सरोवराकाठी मेंढपाळांच्या नमद्याच्या तंबूत राहायचे, पहाटे अंधारात उठायचे आणि उजेड कोठून येतो त्याची वाट पाहायची, असा तेथील दिनक्रम असतो. प्रवासाचा आराखडा स्थळांच्या यादीवरून ठरत नाही, तो सूर्याच्या वेळांवरून ठरतो.

निवृत्तीनंतर मला या छंदाची गोडी लागली असल्याने परिचित मंडळी विचारतात, ‘आम्ही जावे का?’ माझे उत्तर असे असते : अवश्य जावे; मात्र त्याआधी तीन दिवस नात्याला जाऊन यावे. जी शिस्त तेथे लाखभर रुपये खर्चून शिकायची, तिचा पहिला पाठ आपल्या रायगड जिल्ह्यातच गिरवता येतो. शिवाय एक दुसरा पाठही मिळतो. त्याविषयी पुढे सांगेन.

नातेच का?

मुंबई–गोवा महामार्गावर महाडजवळ नाते खिंड आहे. तेथून रायगडाकडे वळणारा रस्ता गांधारी नदीच्या खोऱ्यातून नाते गावी येतो आणि पुढे पाचाडला, गडाच्या पायथ्याशी पोहोचतो. बहुतेक वाहने नात्याला न थांबताच पुढे जातात. आम्हा बँकेतील माणसांना मात्र या गावाचे नाव घेताना अभिमान वाटतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी याच गावी झाला. माझ्या नोकरीतील तीन वर्षे महाडच्या शाखेत गेली, तेव्हापासून या खोऱ्याशी माझे नाते जडले.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने नात्याचे महत्त्व त्याच्या जागेत आहे. येथे मुक्काम ठेवला की एका बाजूस रायगड, दुसऱ्या बाजूस महाडजवळची गांधारपाले येथील बौद्ध लेणी आणि दिवसभराच्या सहज फेरीत पोलादपूर व आंबेनळी घाट येतो. हे डोंगर उंचीने पामीरपुढे अगदीच ठेंगणे. रायगडाची उंची जेमतेम 820 मीटर आहे. पण त्यांची घडण आगळी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा काळा पाषाण तयार झाला. म्हणूनच येथील डोंगर बाजूने पाहिले असता पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. भूशास्त्रज्ञ या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. तिरपा उजेड पडला की प्रत्येक पायरीखाली सावलीची रेघ उमटते. भर दुपारी तोच डोंगर सपाट, निर्जीव वाटतो.

उजेडाचा हिशेब

महाड साधारण 18 अंश उत्तर अक्षांशावर आहे, किर्गिझस्तान 42 अंशांच्या आसपास. हा फरक कॅमेऱ्याला फार जाणवतो. उत्तरेकडे सूर्य तिरका मावळतो, त्यामुळे उन्हाळ्यात सूर्यास्तानंतरही अर्ध्या तासाहून अधिक काळ संधिप्रकाश रेंगाळतो. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि वीस-बावीस मिनिटांत अंधारते. म्हणजे येथे चूक सुधारायला वेळ कमी. जागा आधी पाहून ठेवलेली हवी, तिवई उभी हवी, कॅमेऱ्याची मांडणी आधीच झालेली हवी. या घाईत ज्याला शांत राहता आले, त्याला तिकडचा लांब संधिप्रकाश सोपा वाटेल.

ऋतूचेही तसेच. मे महिन्याच्या मध्यास सूर्य येथे थेट माथ्यावर येतो; दुपारी सावली पायाखालीच राहते. डिसेंबरात मात्र तो माध्यान्हीलाही पन्नास अंशांच्या खाली असतो आणि डोंगरांना दिवसभर थोडाबहुत आकार राहतो. कार्तिक-मार्गशीर्षात भातकापणी उरकलेली असते, गवत पिवळे पडू लागलेले असते, हवा बरीच स्वच्छ असते. पुढे माघ-फाल्गुनात शेतकरी राब भाजू लागतात, तेव्हा धुराने दूरच्या रांगा पुसट होतात. म्हणून डिसेंबरचा महिना निवडावा.

साहित्य फार लागत नाही. साधा कॅमेरा, तिवई आणि दूरचे जवळ आणणारी एक लेन्स पुरे; एकामागे एक दिसणाऱ्या डोंगररांगांसाठी तीच अधिक उपयोगी पडते. आयएसओ 100, छिद्र आठ ते अकराच्या दरम्यान आणि दोन सेकंदांचा टायमर, एवढे पाळले तरी चित्र स्थिर व स्पष्ट येते. मोबाईल असल्यास आकाशावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करावा. रायगड हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. तेथे तिवई अथवा ड्रोन वापरायचा असल्यास पुरातत्त्व विभागाची परवानगी आधीच घ्यावी.

भोजनाचा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात आला असेलच. सायंकाळचा उत्तम उजेड आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन यांची वेळ एकच पडते. आम्ही जेवण पावणेपाचला आटोपून कॅमेरे उचलत असू. सकाळी तर अडचण मुळीच नाही. नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे आणि सकाळच्या सोनेरी उजेडाचा अवधी जवळपास सारखाच. पच्चक्खाण पारण्याची वेळ होईपर्यंत छायाचित्रे काढून झालेली असतात.

तीन दिवसांचा क्रम

गेल्या मार्गशीर्षात आम्ही अकरा जण निघालो. त्यांत चार तरुण होते. वाटाड्या म्हणून पाचाड परिसरातील एक शेतकरी सोबत घेतले. वय पन्नाशीचे, गुरे राखण्यात बालपण गेलेले. मुले त्यांना काका म्हणू लागली.

पहिल्या दिवशी सायंकाळी गांधारपाले येथे गेलो. डोंगराच्या कुशीत सुमारे तीस लेणी कोरलेली आहेत. वरून खाली नदी, शेते आणि महाड शहर दिसते. काकांनी कॅमेरे खाली ठेवायला लावले आणि अर्धा तास नुसते पाहायला सांगितले. ‘पाणी चढतं तेव्हा कुठवर येतं ते बघून घ्या,’ म्हणाले. महाडला वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सावित्री आणि गांधारी तेथे एकत्र येतात आणि भरतीची वेळ असेल तर पुराचे पाणी बाजारपेठेत शिरते. आपल्यापैकी ज्यांची दुकाने महाडला आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या अर्ध्या तासानंतर काढलेल्या चित्रांत नदी चौकटीच्या मध्यभागी आली, तोवर ती कोपऱ्यात होती.

दुसरा दिवस रायगडाचा. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला, त्यांत रायगड आणि पोलादपूरजवळचा प्रतापगडही आहे. नावात ‘किल्ले’ नसून ‘भूप्रदेश’ आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गड पाहायचा म्हणजे त्याभोवतीच्या दऱ्या, नद्या आणि कडे पाहायचे. पूर्वेस लिंगाण्याचा सुळका, त्यामागे तोरणा आणि राजगड. एकीकडे काळ नदी, दुसरीकडे गांधारी. आम्ही आदल्या सायंकाळी उशिरा पाचाडला आलो आणि पहाटेच विजेरीच्या उजेडात चढलो. बाजारपेठेच्या दोन्ही बाजूंची उंच जोती सकाळच्या तिरप्या उन्हात अशी उठून दिसली की आमच्यातील एक सराफ बराच वेळ तेथून हललेच नाहीत. व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याच्या दुकानाची जागा आवडायचीच!

तिसऱ्या दिवशी पोलादपूरकडे निघालो. वाटेत सावित्रीवरचा पूल लागतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री येथील जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्यासोबत एसटीच्या दोन गाड्या व अन्य वाहने गेली. सध्याचा पूल 2017 सालचा. पुढे आंबेनळी घाट चढू लागला तसे सावित्रीचे खोरे उलगडत गेले. एका वळणावर समोरच्या हिरव्या-पिवळ्या उतारावर तांबड्या मातीचा उभा पट्टा दिसला. सकाळच्या उन्हात त्याचा रंग विलक्षण खुलला होता. आमच्यातील एका तरुणाने लगबगीने तिवई लावली आणि म्हणाला, ‘काका, हा लाल रंग काय सुंदर दिसतोय!’

काका थोडे थांबून म्हणाले, ‘दादा, तिथं घरं होती.’

जुलै 2021 मधील त्या पावसाविषयी वाचकांनी वाचले असेल. महाड तालुक्यातील तळीये गावावर 22 जुलै रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी कोसळल्या. त्याआधी जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते ही गावे अशाच दुर्घटनेला बळी पडली होती. ज्या तीव्र उतारांमुळे आणि ज्या पावसामुळे हा प्रदेश देखणा झाला, त्यांनीच हे घडवले.

तरुणाने कॅमेरा बंद केला. तेव्हा काकाच म्हणाले, ‘काढा की. पण खाली गावाचं नाव लिवा आन् तारीख लिवा. नाहीतर कुणी म्हणंल, रंग चांगला आलाय.’

मला यापरते दुसरे मार्गदर्शन ठाऊक नाही. खतावणीतील नोंदीला नाव आणि तारीख नसेल तर तिला किंमत नसते, हे आपल्या घरांतील मुलांना लहानपणीच कळते. छायाचित्राचेही तेच आहे. नाव-तारखेविना ते शोभेची वस्तू ठरते. नाव-तारखेसह तो दस्तऐवज होतो. पाच वर्षांनी त्याच वळणावरून तीच चौकट पुन्हा घेतली तर त्या उतारावर झाडी वाढली, की माती आणखी सरकली, हे कोणालाही पाहता येईल.

वाटाड्याचे मोल

बाहेरचा तज्ज्ञ आपल्याला कॅमेरा शिकवील. समोर दिसते ते कोणाचे, हे तेथला माणूसच सांगू शकतो. किर्गिझस्तानने हे ओळखले. 2000 सालच्या सुमारास हेल्व्हेटास या स्विस संस्थेच्या साहाय्याने कोचकोरसारख्या गावांतून तेथे स्थानिकांचे पर्यटनगट उभे राहिले. मेंढपाळ कुटुंबे स्वतःच्या तंबूत पाहुणे ठेवतात, घोडे देतात, दर आधीच ठरलेले असतात आणि पैसा बव्हंशी त्यांच्याच हाती राहतो. पाचाड-नाते परिसरातही घरगुती निवास आणि भोजनाची सोय करणारी कुटुंबे आहेत. कांदा-लसणाविना तांदळाची भाकरी, वालाची उसळ आणि आमटी आम्हाला आनंदाने करून देण्यात आली. अशा घरांना डिसेंबर-जानेवारीत पाहुणे मिळाले तर घरातला एखादा मुलगा मुंबईला न जाता गावी राहण्याचा विचार करू शकेल.

म्हणून काही सूचना. वाटाड्या स्थानिक असावा. त्याचा रोजचा मेहनताना आधी ठरवावा आणि पूर्ण द्यावा. येथे घासाघीस करून वाचवलेले दोनशे रुपये आपल्या खात्यात शोभत नाहीत. पावसाळ्यात जाऊ नये. दरडींमुळे वरंधा आणि आंबेनळी हे दोन्ही घाट त्या दिवसांत अनेकदा बंद ठेवावे लागतात. इतर दिवसांतही कड्यापासून किती दूर उभे राहायचे, हा निर्णय वाटाड्याचा. त्याने ‘नको’ म्हटले की वाद घालू नये. घरांचे, माणसांचे छायाचित्र विचारल्याविना घेऊ नये, आणि घेतले तर त्याची एक प्रत छापून त्यांना पाठवावी.

आमच्या सहलीतील चोवीस निवडक चित्रे आम्ही छापली. प्रत्येकीखाली गाव, तालुका आणि दिनांक लिहिला. एक संच काकांच्या घरी पोहोचवला, एक आपल्या समाजाच्या वाचनालयात ठेवला आहे. त्या तरुणाचे तियानशानला जायचे आता पक्के झाले आहे. निघण्यापूर्वी त्याने मला एकच गोष्ट विचारली : तिकडच्या वाटाड्याला त्याच्या भाषेत ‘या जागेचे नाव काय?’ असे कसे विचारायचे? ते वाक्य तो सध्या पाठ करतो आहे.