घरच्या घरी मेटल गिटार

सुट्टीत पट्टीश्वरमच्या घरी रात्री ॲम्प लावणे अशक्य. शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच. म्हणून मी गिटार ऑडिओ इंटरफेसमार्गे लॅपटॉपला जोडतो. ॲम्प व स्पीकरचे काम फुकट सॉफ्टवेअर करते, ऐकायला हेडफोन. काटकसर कुठेही करा, नव्या तारांवर मात्र नको.

गेन, म्हणजे खरखर, वाढवली की आवाज भरदार होतो असे वाटते. प्रत्यक्षात सूर एकमेकांत कालवतात. त्यापेक्षा तीच रिफ दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवावी. एकच टेक कॉपी केला तर तो मधोमधच ऐकू येतो. मात्र कवायतीतल्या पावलांसारखे दोन्ही टेक मेट्रोनोमवर जुळायला हवेत. माझा बहुतेक वेळ इथेच जातो.

नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. त्याखालची घुमघुम कापून ती जागा बेस गिटारला द्यावी.