भेसळ नव्हे, मिलाफ

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी पखवाज आणि माझ्या एका मित्राने गिटार असा जोडकार्यक्रम केला होता. ज्यांना तो आठवत नसेल ते भाग्यवान! पखवाज गिटारच्या सुराला मिळवलेलाच नव्हता. भजनात लय हळूहळू चढत जाते, त्या सवयीने मी चढत गेलो आणि मित्र मागे राहिला. सम कोणाची, हेच शेवटी कळेना. टाळ्या पडल्या, पण त्या आम्ही थांबलो म्हणून.

लोणी देवकरला घरी गेल्यावर मोबाइलवरचे चित्रण अण्णांना दाखवले. अण्णा आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. तुकोबांची पालखी इंदापूरला मुक्कामी आली, की त्यांचे पाय घरात ठरत नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "दुधात पाणी घातलं तर त्याला काय म्हणत्यात रं?" घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे तो प्रश्न मला केवळ वाद्यांपुरता वाटला नाही. घरचे सुटले आणि बाहेरचे हाती लागले नाही, अशी माझी गत तर होत नाही ना?

उत्तर शोधताना मला 'शक्ती' हा वाद्यवृंद सापडला. जॉन मॅक्लॉफ्लिन हा इंग्लंडमधला गिटारवादक. त्याच्या 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'ने १९७१ पासून रॉक आणि जॅझ यांची कानठळ्या बसवणारी सांगड घातली होती. पुढे तोच मनुष्य साधी गिटार घेऊन मांडी घालून बसला. शेजारी माहीमला जन्मलेले झाकीर हुसेन तबल्यावर, एल. शंकर व्हायोलिनवर आणि विक्कू विनायकराम घटमवर. १९७६ आणि १९७७ या दोन वर्षांत त्यांच्या तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या.

आमचे फसले आणि यांचे जमले, असे का? पहिली अडचण सुराची. गिटारच्या दांडीवर धातूचे पडदे घट्ट बसवलेले असतात. एका पडद्यावरून दुसऱ्यावर गेले की स्वर पायरी उतरल्यासारखा बदलतो. आपल्या संगीताचा जीव मात्र मिंडेत, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाण्यात. मॅक्लॉफ्लिनने पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट करवून घेतले, म्हणजे तार दाबून, ओढून मिंड काढता येते. शिवाय तंबोऱ्यासारखा आधार मिळावा म्हणून गिटारला आडव्या सात जादा तारा बसवून घेतल्या. वाद्य बदलले, पण त्याआधी तो स्वतः बदलला होता. अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे तो वीणा शिकला होता.

दुसरी अडचण तालाची. रॉकमध्ये बहुधा चार मात्रांचा ठोका चालतो. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणून वरवर दोन्ही सहज जुळतील असे वाटते. आम्हीही तसेच फसलो! दाक्षिणात्य पद्धतीत ताल आधी तोंडाने म्हणतात, त्याला कोन्नक्कोल म्हणतात. पाच मात्रा म्हणजे 'त क त कि ट', सात म्हणजे 'त कि ट त क धि मि'. हे बोल सर्वांच्या तोंडी बसले, की कोणी कितीही वेडीवाकडी वळणे घेतली तरी समेवर सगळे एकत्र पोचतात. आम्ही हात जुळवायला गेलो होतो; मोजणी जुळवलीच नव्हती.

शक्तीचा 'धिस मोमेंट' हा स्टुडिओ अल्बम जून २०२३ मध्ये आला. १९७७ नंतरचा पहिला, आणि झाकीरभाईंसह अखेरचा. आता सोबत शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आणि विनायकराम यांचे चिरंजीव सेल्वगणेश होते. वादक वेगवेगळ्या देशांत. प्रत्येकाने आपला भाग आपल्या ठिकाणी वाजवून पाठवला आणि तरीही सारे एका सतरंजीवर बसल्यासारखे वाजतात. पहिली रचना २०१४ मध्ये गेलेले त्यांचे मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्या आठवणीची आहे. पुढे त्यागराजांची कृतीही आहे आणि तिच्या शेजारी गिटार संकोचून बसत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये या अल्बमला ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले.

ती बातमी आली त्या रात्री मी अण्णांना यातली 'मोहनम' ही रचना ऐकवली. दक्षिणेतला मोहनम म्हणजे आपल्या भूपाचाच भाऊ. अण्णा डोळे मिटून मांडीवर ठेका धरून बसले. मग म्हणाले, "भूपावाणी वाटतंय. हा साहेब कुठं शिकला?" मी वीणेची हकीकत सांगितली. बराच वेळ ते बोलले नाहीत.

"दुधात पाणी घातलं तर भेसळ," ते सावकाश म्हणाले, "आन् विरजण घातलं तर? घालणाऱ्याला दूध कळाया पाहिजे. तुझ्या दोस्ताला आण एकदा."

मित्र आला. अण्णांनी कणीक लावली, हातोडीने गठ्ठे ठोकले आणि गिटारच्या षड्जाला पखवाज मिळवायलाच निम्मी संध्याकाळ गेली. मग दोघांनाही टाळी देत मात्रा म्हणायला लावल्या. मित्राला भजनी ठेक्याची चढती लय उमगली, आणि मला कळले की दुसऱ्यासाठी थांबणे हीसुद्धा वाजवण्याचीच एक रीत आहे.

यंदाच्या स्नेहसंमेलनात आम्ही नाव दिलेले नाही. अजून सूर मिळवतो आहोत.