दोन गाड्यांच्या मधला वेळ

पावसाळी रात्र, रेल्वे स्टेशनची वेटिंग रूम. चष्मा लावलेली एक बाई आत बसली आहे. सामान घेऊन एक दाढीवाला माणूस येतो आणि दोघं एकमेकांना ओळखतात. काही वर्षांपूर्वी ती नवरा-बायको होती. गाडीला अजून अवकाश आहे, बाहेर पाऊस थांबत नाही. बोलायचं तरी काय?

गुलजार यांचा ‘इजाजत’ (१९८७) इथून सुरू होतो. रेखा आणि नसीरुद्दीन शाह यांच्यातला तो अवघडलेपणा ज्यांनी पाहिला आहे, ते सहसा विसरत नाहीत. चित्रपटाचं बीज मात्र बंगालीतलं आहे: सुबोध घोष यांची ‘जतुगृह’ ही कथा. तिच्यावर तपन सिन्हा यांनी १९६४ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला होता, उत्तम कुमार आणि अरुंधती देवी यांना घेऊन. जतुगृह म्हणजे महाभारतातलं लाक्षागृह. दिसायला वाडा, भिंतीत लाख. पण त्या आगीतून पांडव जिवंत निसटले होते, हेही लक्षात ठेवायला हवं. घोषांची दोन माणसंही तशीच, जळत्या घरातून वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडलेली. दोघांचे नवे संसार आहेत, दोघांना आपापली गाडी पकडायची आहे. मधले काही तास, एवढीच कथा.

अशा प्रसंगाला ‘जुनं प्रेम पुन्हा जागं झालं’ म्हणून मोकळं होता येतं, पण ते वरवरचं आहे. खरा ताण वेगळाच असतो. एकत्र राहिलेल्या माणसांना एकमेकांची बारीकसारीक माहिती असते: चहात साखर किती, कुठली वस्तू कुठे विसरणार, राग आला की आवाज कसा बदलतो. नातं तुटतं तेव्हा ही माहिती कुणी परत मागत नाही. ती राहते, आणि ती वापरायचा हक्क तेवढा जातो. ‘इजाजत’मध्ये महेंदरला (नसीरुद्दीन) आपल्या बॅगेची किल्ली सापडत नाही आणि सुधाच्या (रेखा) जुडग्यात ती अजून असते. मनातलं एक अक्षरही कुणी बोलत नाही. पण इतकी वर्षं ती किल्ली जुडग्यात राहिली कशी, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आपोआप उभा राहतो.

म्हणूनच हा विषय छोट्या रूपात फुलतो. दोघांना चार महिने मिळाले, तर ती कधीतरी भांडतील, रडतील, सगळं बोलून टाकतील. चार तास असले की पाऊस, सामान, चहा यांवरच बोलणं होतं आणि उरलेलं सगळं त्या चहाच्या कपात साठतं. आपल्याकडे एकांकिका लिहिणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. घड्याळ हे तिथलं न दिसणारं पात्र असतं. वेटिंग रूममध्ये ते काम रेल्वेचं वेळापत्रक करतं.

ऋतुपर्ण घोष यांच्या ‘रेनकोट’मध्ये (२००४) हेच काम एक दुपार करते. भागलपूरचा मनोज नोकरी गेल्यावर पैशांची जुळवाजुळव करायला कोलकात्यात येतो आणि आता लग्न झालेल्या जुन्या प्रेयसीला, नीरूला, भेटायला जातो. अजय देवगण आणि ऐश्वर्या राय दोघंही तिथे खोटं बोलतात. तो आपला धंदा जोरात चालल्याचं सांगतो, ती नवऱ्याच्या श्रीमंतीच्या गोष्टी सांगते. अंधारलेल्या त्या घरात कोंदटलेलं दारिद्र्य मात्र दिसतच असतं. ओ. हेन्रीच्या ‘गिफ्ट ऑफ द मॅजाय’चा धागा इथे आहे. ती बाहेर गेलेली असताना तो तिचं थकलेलं भाडं भरतो. ती त्याच्या रेनकोटच्या खिशात आपले दागिने ठेवते. ‘अजून तुझी काळजी वाटते’ हे वाक्य कुणीच उच्चारत नाही. या चित्रपटाची संथ गती अनेकांना जड जाते, पण ती संथ नसती तर ते खोटं इतकं केविलवाणं वाटलं नसतं.

मराठी रंगभूमीवर क्षितिज पटवर्धन यांच्या ‘दोन स्पेशल’ने, ह. मो. मराठे यांच्या कथेच्या आधाराने, ही भेट वर्तमानपत्राच्या कचेरीत घडवली. जितेंद्र जोशी आणि गिरिजा ओक यांच्यामध्ये तिथे एक बातमी येऊन बसते. दोघं त्या बातमीवर बोलत राहतात आणि आपल्याला ऐकू येतं ते भलतंच.

‘इजाजत’चा शेवट सकाळी होतो. सुधाचा नवरा तिला न्यायला येतो. ही छोटी भूमिका शशी कपूर यांनी केली आहे. निघताना ती महेंदरच्या पाया पडते आणि मागच्या वेळी न विचारता गेली होती, ती परवानगी आता मागते. गुलजारांनी इथे न बोललेल्या गोष्टीला अखेर शब्द दिले. सुबोध घोषांनी तेही केलं नाही. त्यांच्या कथेत गाड्या निघून जातात, दोन्ही माणसं आपापल्या वाटेने जातात. वेटिंग रूमच्या टेबलावर दोन रिकामे कप शेजारी शेजारी राहतात.