४०० कशाचे?

सकाळी ६.४५
मे महिना म्हणजे आंब्याचा हंगाम. आमच्या विकिरण केंद्रात तिन्ही पाळ्या चालू असतात. रात्रपाळीची वही हातात आली की मी आधी एककांचा रकाना वाचते, आकडे नंतर. या धंद्यात मात्रांचा पल्ला फार मोठा आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून ६० ग्रे पुरतात, अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे लागतात, मसाल्यातले जंतू मारायला १० किलोग्रेपर्यंत जावं लागतं आणि सिरिंजा निर्जंतुक करायला २५ किलोग्रे.

१ किलो पदार्थात १ जूल ऊर्जा शोषली गेली की मात्रा झाली १ ग्रे. जुनं एकक रॅड. १०० रॅडचा १ ग्रे. गणित चौथीतल्या मुलाला जमेल असं. पण ४०० रॅड, म्हणजे ४ ग्रे, सगळ्या शरीराला एकदम मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसं दगावतात. आंब्याला आम्ही देतो ती मात्रा याच्या शंभरपट. म्हणून नुसतं ‘४००’ लिहिलेली ओळ मी मोजमाप मानत नाही. ती पुन्हा लिहायला लावते.

७.१५
किरणकक्षाच्या भिंतीबाहेरून मीटर घेऊन फेरी. नवा मीटर मायक्रोसिव्हर्ट दाखवतो; सिव्हर्ट हे माणसाच्या शरीरावरचा परिणाम धरून मोजायचं एकक. राखीव मीटर जुना, मिलिरॉन्टजेनचा. ताशी १ मिलिरॉन्टजेन म्हणजे ताशी १० मायक्रोसिव्हर्ट असं आम्ही धरतो. खरं तर थोडं कमी भरतं, पण चूक व्हायचीच तर सावधपणाच्या बाजूने व्हावी. कर्मचाऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. कामाचे २००० तास धरले तर तीही ताशी १० मायक्रोसिव्हर्टच येते, त्यामुळे हा एक आकडा इथे सगळ्यांना पाठ आहे. आज सगळीकडे नेहमीची पार्श्वभूमी.

८.००
आमच्या किरणांचा स्रोत, कोबाल्ट-६०, दर महिन्याला साधारण १.१ टक्क्याने क्षीण होतो. १ एप्रिलला पेटीला एका जागी ३०० सेकंद लागत असतील, तर मेच्या मध्याला ३०५ लागतात. टायमर बदलला, सही केली.

९.३०
शिकाऊ मुलीला फ्रिके डोसीमीटर शिकवायचा होता. हे माझं आवडतं काम. फेरस क्षाराचं आम्लातलं द्रावण किरणांत ठेवलं की फेरसचं फेरिक होतं. ते किती झालं हे ३०४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मोजता येतं. शोषणांकात पडलेल्या फरकाला २७८ ने गुणलं की मात्रा ग्रेमध्ये मिळते. तिला फरक मिळाला ०.५०. उत्तर १३९ ग्रे यायला हवं होतं. तिने लिहिलं १३,९००.

“मॅडम, पुस्तकात २७,८०० आहे,” ती म्हणाली.

पुस्तक जुनं, झेरॉक्सचं. ग्रे हे एकक १९७५ साली स्वीकारलं गेलं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लुई हॅरोल्ड ग्रे यांच्या नावाचं. त्याआधीची बहुतेक कोष्टकं रॅडमध्ये. तिचं उत्तर रॅडमध्ये बिनचूक होतं. तेच ग्रे म्हणून वहीत चढलं असतं, तर कांद्याच्या मात्रेजवळचं द्रावण मसाल्याच्या मात्रेत जाऊन बसलं असतं. मी तिला दुसरीही तपासणी दाखवली. फ्रिके साधारण ४०० ग्रेपर्यंतच भरवशाचा. त्यातून १३,९०० ग्रे निघूच शकत नाहीत. आलेलं उत्तर त्या साधनाच्या आवाक्यातलं आहे का, हे ज्याला विचारायची सवय लागली, त्याच्या हातून एककाचा घोटाळा सहसा सुटत नाही.

११.३०
हापूसच्या पेट्या कन्व्हेयरवर. मात्रा मोजणाऱ्या अॅलनिनच्या गोळ्यांची पाकिटं दोन जागी: जिथे सर्वांत कमी मात्रा पोचते तिथे, आणि सर्वांत जास्त पोचते तिथे.

दुपारी २.००
रत्नागिरीहून एक बागायतदार काका खेपेबरोबर आले होते. चहा घेताना म्हणाले, “बाई, ४०० म्हणजे आंबा आतून शिजत नाही ना?”

मी कागदावर मांडून दाखवलं. ४०० ग्रे म्हणजे किलोमागे ४०० जूल. आंब्यात बहुतेक पाणीच, आणि १ किलो पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४,१८६ जूल लागतात. म्हणजे आंबा तापला जेमतेम ०.१ अंश. कोबाल्टच्या गॅमा किरणांनी फळ किरणोत्सारीही होत नाही. आणि कीड? फळमाशी किंवा कोयीतला भुंगा जागच्या जागी मरतोच असं नाही. त्याची वीण थांबते, आणि आयात करणाऱ्या देशाला तेवढंच हवं असतं. काकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

४.३०
अॅलनिनचे निकाल: किमान ४५२ ग्रे, कमाल ७६० ग्रे. खालची अट ४००, वरची १,०००. दोन्ही पाळल्या गेल्या. शिकाऊ मुलीने विचारलं, ४०५ वर का थांबत नाही? मोजमापातच काही टक्क्यांची अनिश्चितता असते. ४०५ वाचलं म्हणजे खरे ३९५ ही असू शकतात.

यानंतर प्रमाणपत्र. भारतीय आंबा २००७ पासून विकिरण करून अमेरिकेला जातो. २०२५ च्या मे महिन्यात त्याच्या अनेक खेपा विकिरणाच्या कागदपत्रांवरून तिथे नाकारल्या गेल्या. त्यामुळे मी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचते, दुसरी व्यक्ती वहीशी ताडते. सगळं ग्रेमध्ये. ०.४ किलोग्रे लिहिणं चूक नाही, पण घाईत दशांशचिन्ह पुसट उमटतं आणि ०.४ चे ४ होतात.

६.००
पाळी बदलली. निघण्यापूर्वी त्या झेरॉक्स पुस्तकाच्या प्रत्येक कोष्टकावर लाल शाईने ‘रॅड’ लिहून टाकलं. ज्या केंद्रांत, प्रयोगशाळांत आणि महाविद्यालयांत अशी जुनी कोष्टकं अजून भिंतीवर असतील, त्यांनी ती याच हंगामात उतरवावीत.